बाजार पडला की फाईल उघडायची

४ जून २०२४, मंगळवार. लोकसभेची मतमोजणी चालू होती. मी टीव्हीवर आमच्या हातकणंगल्याच्या फेऱ्या बघत बसले होते आणि पावणेबाराला धाकट्या भावाचा, अरुणचा फोन आला.

"ताई, सगळं जळालं. विकू का?"

"दुकान?" मी घाबरूनच विचारलं. त्याचं इचलकरंजीत मागाच्या सुट्या भागांचं दुकान आहे.

"दुकान नाही गं, फंड!"

मी म्हटलं, जेव, झोप, तीन वाजेपर्यंत कशाला हात लावू नकोस. म्युच्युअल फंडातून पैसे काढायचा अर्ज तीनच्या आत गेला तर त्याच दिवसाचा भाव लागतो, तीननंतर गेला तर पुढच्या दिवसाचा. तीन वाजून जाऊ दिले असते तर रात्रभर विचार करायला वेळ मिळाला असता. त्याने पावणेतीनला सगळं विकलं.

आता हिशेब. ३ जूनला त्याच्या निफ्टीच्या इंडेक्स फंडात, म्हणजे निफ्टी या शेअरच्या निर्देशांकाबरोबर हलणाऱ्या फंडात, सुमारे आठ लाख होते, घातलेले चार लाख. ४ तारखेला निफ्टी ५.९३ टक्के पडली, म्हणजे हातात आले साधारण ७ लाख ५२ हजार. नफा ३ लाख ५२ हजार. त्या वर्षाच्या नियमाने सव्वा लाख माफ, उरलेल्यावर १० टक्के आणि वर सेस, म्हणजे कर साडेतेवीस हजारांच्या घरात. ७ तारखेला, शुक्रवारी, निफ्टी ३ तारखेच्या पातळीवर परत आलेली होती. अरुणचे पैसे बँकेत पडून राहिले आणि त्याने परत फंड घेतला तो थेट गणपतीत, निफ्टी २४ हजार ८०० च्या वर गेल्यावर. कर कधी ना कधी भरावा लागलाच असता, हे मी मान्य करते. पण ४७ हजार हे निव्वळ घाबरण्याचे.

मी ३१ वर्षं इथल्या एका सुताच्या पेढीवर दिवाणजी होते. किर्द, खतावणी, शेठजींची रिटर्नं, सगळं हातून गेलंय. शेअर बाजारातलं मला जे थोडंफार कळतं ते सुतामुळे. कापसाचं पीक बुडाल्याची कुजबुज निघाली की चाळीस नंबरच्या सुताचा भाव आधीच चढायला लागायचा. मग प्रत्यक्ष आकडा यायचा, तो वाईटच असायचा, आणि भाव उतरायचा! नवीन माणूस चक्रावून जायचा. वाईट बातमीवर भाव वाढायला हवा ना? तर नाही. वाईट होणार हे धरूनच सगळ्यांनी माल भरलेला असायचा. आकडा अंदाजाइतका वाईट नाही निघाला, एवढंच पुरे.

बाजाराची प्रतिक्रिया समजून घ्यायची तर बातमी चांगली की वाईट हे बघू नका. लोक काय धरून बसले होते आणि त्यातलं किती चुकलं, ते बघा. त्या जूनमध्ये एक्झिट पोल धरून सेन्सेक्स, म्हणजे मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक, सोमवारी अडीच हजार अंशांनी चढला होता. मंगळवारी निकाल पोलपेक्षा वेगळा दिसला आणि ४,३९० अंश उतरला. त्याच वर्षी २३ जुलैला अर्थसंकल्पात शेअरवरच्या नफ्याचा कर वाढला. घोषणा होताच सेन्सेक्स बाराशेच्या वर गडगडला, आणि संध्याकाळी बंद होताना फक्त ७३ अंश खाली होता. दुपारी विकणाऱ्याने कोणत्या बातमीवर विकलं?

पण "बाजार नेहमी वर येतो" असं कोणी ठोकून सांगितलं तर मी त्याच्याशी भांडते. मार्च २०२०च्या २३ तारखेला एका दिवसात १३ टक्के गेले, व्यवहार पाऊण तास थांबवावे लागले, सेन्सेक्स २६ हजारांच्या खाली आला आणि डिसेंबरात ४७ हजारांवर होता. हे उदाहरण सगळे देतात. २००८चं देत नाहीत. जानेवारीत २१ हजार पाहिलेला सेन्सेक्स ऑक्टोबरात ९ हजारांच्या खाली होता आणि २१ हजारांवर बंद झाला तो ५ नोव्हेंबर २०१०ला, लक्ष्मीपूजनाच्या मुहूर्ताच्या सौद्यात. जवळजवळ तीन वर्षं. त्या तीन वर्षांत ज्याच्या मुलीचं लग्न होतं त्याने काय करायचं? आणि हे निर्देशांकाचं झालं. एकेकट्या कंपनीचं म्हणाल तर आमच्या ह्यांनी नव्वदच्या दशकात घेतलेल्या चार कंपन्यांची प्रमाणपत्रं अजून कपाटात आहेत. कंपन्या नाहीत.

म्हणून माझा नियम तीन वर्षांचा नाही, पाच वर्षांचा. पैसे तीन ठिकाणी. सहा महिन्यांचा घरखर्च बचत खात्यात. पाच वर्षांच्या आत लागणारे, म्हणजे फी, लग्न, घराची दुरुस्ती, हे ठेवीत. साठीच्या पुढचे असाल तर पोस्टाची ज्येष्ठ नागरिक योजना आहे, तिच्यात ३० लाखांपर्यंत ठेवता येतात. ठेव बँकेत असेल तर एका बँकेत व्याजासकट पाच लाखांपर्यंतच विमा आहे, हे विसरू नका. सहकारी बँकेत अर्धा टक्का जास्त मिळतो म्हणून सगळी पुंजी एकाच ठिकाणी ठेवलेले लोक मी रांगेत उभे पाहिलेत. राहिलेले पैसे बाजारात. शेतकरी बियाणं खात नाही आणि खाण्याचं धान्य पेरत नाही, इतकं साधं आहे. अरुणचे ते आठ लाख मुलाच्या २०३१च्या शिक्षणाचे होते. ४ जूनला त्यांची कोणालाच गरज नव्हती.

७ एप्रिल २०२५

पुढच्या वर्षी अमेरिकेच्या आयात शुल्काच्या घोषणेनंतरचा सोमवार. सेन्सेक्स उघडतानाच हजारोंनी खाली. अरुणने या वेळी फोन केला नाही, तो सरळ घरीच आला. मी म्हटलं, "विकायची खुमखुमी आहे ना? हातांना काम हवंय. जा, तुझे सगळे कागद घेऊन ये."

याला कारण आमच्या घरातलंच आहे.

माझे थोरले दीर, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, मे २०२१मध्ये कोरोनाने गेले. चांगली नोकरी, नीटनेटका माणूस, कर्ज नाही. बाजाराने अण्णांचं काहीही बुडवलं नाही, उलट २०२१ तेजीचं वर्ष होतं. तरी अक्कांच्या, म्हणजे थोरल्या जाऊबाईंच्या हातात पैसे यायला अडीच वर्षं गेली. ठेवींवर नॉमिनी म्हणून अण्णांच्या वडिलांचं नाव, लग्नाआधी लिहिलेलं. वडील २००६लाच गेलेले. डीमॅटला, म्हणजे शेअरच्या खात्याला, नॉमिनी नाही. कागदी शेअर प्रमाणपत्रांवर नाव आद्याक्षरांचं, आधारवर पूर्ण, पॅनवर तिसरंच स्पेलिंग. मृत्युपत्र नाही. "मला काय धाड भरलीय" असं म्हणायचे.

मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याने पुरुषाचे पहिले वारस कोण? बायको आणि मुलं, हे सगळे सांगतात. आई विसरतात. मृताची आई हयात असेल तर तिचाही बायको-मुलांइतकाच हिस्सा. आमच्या सासूबाई तेव्हा ८६ वर्षांच्या होत्या. कोर्टात सक्सेशन सर्टिफिकेटचा, म्हणजे वारस दाखल्याचा, अर्ज चालू असताना, नोव्हेंबर २०२२मध्ये त्याही गेल्या. झालं! त्यांचा हिस्सा त्यांच्या सगळ्या मुलांकडे गेला. जिथे अक्का, दोन पुतणे आणि सासूबाई अशा चार सह्या लागत होत्या, तिथे आमचे हे आणि दोन नणंदा वाढल्या. एक नणंद बेळगावात, दुसरी शारजाला. कोणाला एक रुपया नको होता, पण नको आहे हे कागदावर लागतं. शारजाच्या नणंदेला वकिलातीत जाऊन कागद साक्षांकित करून आणावा लागला, आणि पहिल्या वेळी त्यात अण्णांचं नाव पुन्हा आद्याक्षरांनीच पडलं.

तर, फाईल.

दोरी बांधायची जाड पुठ्ठ्याची फाईल घ्या. पहिलं पान हाताने लिहा: वस्तू काय, कुठे आहे, कोणाच्या नावावर, जोडीला कोणाचं नाव, नॉमिनी कोण, कधी घेतली, किती रुपयांना. शेवटचे दोन रकाने लोक सोडतात आणि तिथेच कर भरताना मार खातात. आपल्याकडे वारसाने मिळालेल्या मालमत्तेवर कर नाही. इस्टेट ड्यूटी १९८५लाच गेली, आणि २०२४च्या प्रचारात वारसा कराची चर्चा झाली तरी असा कर आलेला नाही. पण वारसाने ती वस्तू विकली की नफ्यावर कर आहे, आणि तो नफा मोजताना मूळ मालकाने दिलेली किंमत धरतात. किती काळ ठेवली हेही त्याच्या खरेदीपासून मोजतात. अण्णांनी कोणता शेअर किती रुपयांना घेतला हे अक्कांनी कुठून आणायचं? नशिबाने बाजारात नोंदलेले शेअर ३१ जानेवारी २०१८च्या आधीचे असतील तर त्या दिवसाचा भाव खरेदी किंमत म्हणून धरायची सोय आहे, त्यावर निभावलं. घर २००१च्या एप्रिलआधीचं असेल तर त्या तारखेचं मूल्यांकन चालतं. नंतरच्या खरेदीला कागदच हवा.

अरुणच्या पहिल्या पानावर नॉमिनीच्या रकान्यात फंडासमोर "नको" लिहायची वेळ आली. ऑनलाईन खातं उघडताना त्याने "नॉमिनी नको" वर टिचकी मारली होती, कारण तो पर्याय लवकर संपत होता. ते त्याच दुपारी मोबाईलवर बदललं, दहा मिनिटं लागली. बँकेच्या ठेवींना आता एकापेक्षा जास्त, चारपर्यंत नॉमिनी देता येतात. ही सोय १ नोव्हेंबर २०२५पासून झाली, तेव्हा जुनी ठेव असेल तर पुन्हा एकदा शाखेत जाऊन या. फ्लॅटसाठी सोसायटीकडे वेगळा अर्ज असतो. बँकेत नॉमिनी आहे म्हणजे फ्लॅटला आहे, असं नव्हे.

आणि नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. हे पटवायला मी लोकांना भिंतीकडे बोट दाखवते. माझ्या स्वयंपाकघरात कालनिर्णय आहे, दुधाचे खाडे मी त्यावरच मांडते. ते सुरू करणारे जयंत साळगावकर २०१३मध्ये गेले. त्यांच्या मागे त्यांच्या गुंतवणुकीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १४ डिसेंबर २०२३ला न्यायालयाने सांगितलं, शेअर आणि फंडातला नॉमिनी हा ताबा घेणारा, मालकी ठरते मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने. सगळ्या महाराष्ट्राच्या तिथी-वार सांभाळणाऱ्या घरातही हे झालं, मग आपलं काय? नॉमिनी हवाच, त्याने पैसे लवकर बाहेर येतात. कोणाचे ते मात्र वेगळ्या कागदावर लिहायचं.

तो वेगळा कागद

मृत्युपत्र म्हटलं की लोक पाल झटकावी तसा विषय झटकतात. इच्छापत्र म्हणा हवं तर. साधा कोरा कागद चालतो, स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. वय झालेलं असेल किंवा घरात कुरबुर असेल तर दुय्यम निबंधकाकडे नोंदवा आणि डॉक्टरांचा दाखला जोडा. भाषा तुमची. अरुणचं मी मराठीत लिहिलं. दोन साक्षीदार लागतात आणि दोघांनी तुम्हाला सही करताना पाहिलेलं असावं, मग तुमच्यासमोर स्वतःची करावी. "सही करून ठेव, मी मागून करतो" हा आपला नेहमीचा खाक्या इथे चालत नाही. साक्षीदार तुमच्यापेक्षा तरुण घ्या, आणि ज्याला काही मिळणार आहे त्याला घेऊ नका. अरुणने शेजारच्या मेडिकलवाल्याला आणि आपल्या पोराच्या शिकवणीच्या सरांना बोलावलं. चहा झाला, सह्या झाल्या, प्रत्येक पानावर.

एक वाक्य मात्र विसरू नका: "वर लिहिलेल्याखेरीज आज किंवा पुढे माझं जे काही असेल ते अमुक यांना मिळावं." हे नसेल तर मृत्युपत्रानंतर उघडलेली प्रत्येक ठेव पुन्हा वारसा कायद्याच्या वाटेला जाते. अरुणने पहिल्या मसुद्यात फंडाचे आकडे रुपयांत लिहिले होते. मी खोडले. बाजार रोज हलतो, आकडे लिहाल तर वर्षभरात खोटे ठरतील. "निम्मे युनिट" (फंडातले निम्मे भाग) लिहा, "चार लाख" नको.

काही जण याहून सोपं म्हणून हयातीतच घर मुलांच्या नावावर करून टाकतात. महाराष्ट्रात राहतं घर नवरा-बायको, मुलं, नातवंडांना बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, वरचे अधिभार वेगळे. स्वस्त आहे म्हणून मोह होतो. मी तरी सांगते, करू नका. बक्षीसपत्र परत फिरवणं कठीण, मृत्युपत्र मात्र दहा वेळा बदलता येतं.

करांचं आता थोडक्यात, कारण ते दर वर्षी हलतं. १२ लाखांपर्यंत कर नाही हे ऐकून अरुणला वाटलं फंडाचा नफाही त्यातच. नाही. नव्या पद्धतीतली ती सवलत शेअर आणि इक्विटी फंडाच्या, म्हणजे शेअरमध्ये पैसे घालणाऱ्या फंडाच्या, नफ्याला लागत नाही. वर्षाच्या वर ठेवलेल्या इक्विटी फंडावर एका आर्थिक वर्षात सव्वा लाखाचा नफा माफ, त्याच्या वरच्या नफ्यावर साडेबारा टक्के. वर्षाच्या आत विकलं तर २० टक्के. सव्वा लाखाची माफी साठत नाही, ३१ मार्चला संपते. म्हणून मी फेब्रुवारीत नफ्याचं विवरण काढते आणि सव्वा लाख नफा होईल एवढेच युनिट विकून पुन्हा घेते, की खरेदी किंमत वर सरकली. नुकसान झालं असेल तर तेही वाया घालवू नका. रिटर्न मुदतीत भरलं तर पुढची आठ वर्षं ते वजा करता येतं. दीर्घ मुदतीचा तोटा दीर्घ मुदतीच्याच नफ्यातून, अल्प मुदतीचा दोन्हींतून. पडझडीत विकायचं एवढंच एक शहाणं कारण मला माहीत आहे, आणि तेव्हाही दुसऱ्या दिवशी परत घेतलं पाहिजे.

माणूस गेल्यावरही त्याचं रिटर्न राहतं, हे अक्कांना कोणी सांगितलं नाही. एप्रिलपासून मृत्यूच्या तारखेपर्यंतचं उत्पन्न त्याच्या नावाने, कायदेशीर वारसाने पोर्टलवर नोंदणी करून भरायचं. अण्णांचा कराचा परतावा त्यामुळेच अडकून पडला होता. आणखी एक, त्यांच्या मोबाईलचं कार्ड पुतण्याने तेराव्यानंतर बंद केलं. करू नका, सहा महिने तरी चालू ठेवा. त्यावरून व्यवहार करायचे नाहीत, पण लाभांशाचे, प्रीमियमचे संदेश येतात आणि कुठे काय आहे ते कळतं. अण्णांची एक ठेव आम्हाला दोन वर्षांनी रिझर्व्ह बँकेच्या उद्गम पोर्टलवर, म्हणजे पडून राहिलेल्या ठेवी शोधायच्या संकेतस्थळावर, शोधताना सापडली, आणि तीही अजून अण्णांच्या जुन्याच पत्त्यावर होती. सात वर्षं लाभांश न उचललेले शेअर तर सरकारच्या गुंतवणूकदार निधीत जातात. परत मिळतात, पण अर्ज करून, वाट बघून.

अरुणच्या त्या सोमवारी हे सगळं एका दिवसात झालं असं नाही. यादी आणि नॉमिनी त्या दिवशी, मृत्युपत्र पुढच्या रविवारी. सह्या झाल्यावर मूळ प्रत दुकानाच्या तिजोरीत ठेवायची की माझ्याकडे यावर बोलणं चाललं होतं, तेवढ्यात भावजय कप उचलायला आली. फ्लॅट निम्मा तिच्या नावावर, सोनं तिच्या माहेरचं.

"आणि वन्सं, माझं कोण लिहिणार?"

त्याच टेबलावर लिहिलं. साक्षीदार अजून चप्पल घालत होते, त्यांना परत बसवलं. तिचं अरुणपेक्षा अर्धं पान जास्त भरलं, कारण पाटल्या, मोहनमाळ, ठुशी असं एकेक नाव घालून कोणती कोणाला ते तिने आधीच ठरवून ठेवलं होतं.